उलटे प्रश्नचिन्ह : स्पॅनिशमध्ये प्रश्न कुठून सुरू होतो?

आज आपण विषय घेतला आहे स्पॅनिश भाषेतल्या प्रश्नाचा. प्रश्न तयार कसा होतो आणि तो कागदावर लिहितात कसा, एवढाच. ज्यांना स्पॅनिश शिकायची आहे त्यांना यातून काही नियम मिळतील. ज्यांना शिकायची नाही त्यांनीही थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण प्रश्न म्हणजे नेमके काय, हा मुळात तत्त्वज्ञानाचा विषय आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक. भाषेच्या वर्गात आम्ही विद्यार्थी म्हणूनच बसतो. पण या एका बाबतीत स्पॅनिशने असे काही केले आहे, की त्यावर तत्त्वज्ञाने बोललेच पाहिजे.

सोयीसाठी आपण स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहू. उच्चार जवळपासचे आहेत असे समजा. चिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवू, कारण आजचे सगळे प्रकरण चिन्हांचेच आहे.

शब्द तेच, वाक्य वेगळे

आधी आपल्या घरातून सुरुवात करू. मराठीत हो-नाही उत्तराचा प्रश्न कसा करतात? साधे वाक्य घ्यायचे आणि शेवटी 'का' लावायचा. 'तू येतोस.' 'तू येतोस का?' झाले. हिंदीत 'क्या' वाक्याच्या तोंडाशी येते. इंग्रजीत 'डू' नावाचे एक मदतनीस क्रियापद पुढे उभे राहते. म्हणजे प्रत्येकीने प्रश्नासाठी एखादा नोकर ठेवला आहे.

स्पॅनिशने नोकर ठेवलेला नाही. 'ब्येने ख्वान' म्हणजे 'ख्वान येतोय'. आणि 'ख्वान येतोय का?' हे कसे म्हणायचे? '¿ब्येने ख्वान?' शब्द तेच, क्रम तोच. कोणी म्हणेल, क्रियापद आधी आले ही प्रश्नाची खूण असेल. तसेही नाही. 'ख्वान ब्येने' हे विधान होते आणि '¿ख्वान ब्येने?' हा प्रश्नही होतो. स्पॅनिशमध्ये कर्ता बऱ्यापैकी मोकळा फिरतो. पुष्कळदा तो घरातच राहतो, कारण क्रियापदाच्या रूपावरूनच तो कळतो. 'ब्येनेस' एवढा एकच शब्द म्हणजे 'तू येतोस', आणि '¿ब्येनेस?' म्हणजे 'येतोस का?'

मग बोलताना कळते कसे? आवाजावरून. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत अशा प्रश्नाच्या शेवटी आवाज साधारणपणे वर चढतो. हे आपल्याला परके नाही, बरं का. दारातून आत येणाऱ्याला आपण विचारतो, 'जेवलास?' 'का' नाही, काही नाही. तरी कोणी त्याला विधान समजत नाही. आपण कधीमधी जे करतो ते स्पॅनिश नेहमीच करते, एवढाच फरक.

आता इथे तत्त्वज्ञान कुठे आले? गोटलोब फ्रेगे नावाचा जर्मन तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ होता. १९१८ साली त्याने 'विचार' या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, की हो-नाहीचा प्रश्न आणि त्याचे विधान या दोन्हींत विचार एकच असतो. फरक असा, की विधानात तो विचार खरा आहे असे आपण सांगून टाकतो. प्रश्नात तसे सांगत नाही. 'ख्वान येतोय' या विधानात आम्ही जामीन राहतो. 'ख्वान येतोय का?' यात तोच मजकूर आम्ही टेबलावर ठेवतो आणि तुम्हाला म्हणतो, याचा निकाल तुम्ही द्या.

हे जर्मन भाषेतल्या मनुष्याने लिहिले, पण त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्पॅनिश आहे. तिथे मजकूर अक्षरशः तोच राहतो. बदलते ती फक्त बोलणाऱ्याची भूमिका.

१७५४ साली काय झाले

भूमिका आवाजात असेल तर कागदावर काय करायचे? कागदाला आवाज नसतो. शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचे, हा युरोपातल्या भाषांचा सर्वसाधारण तोडगा. लहान वाक्याला तो पुरतो. डोळा एका दमात शेवटपर्यंत पोचतो आणि चिन्ह दिसते. पण वाक्य तीन ओळींचे असले तर?

मराठीतच करून बघा. 'उद्या सकाळी पुण्याहून सुटणाऱ्या पहिल्या गाडीने तुझे मामा, मामी आणि त्यांची चारही मुले आपल्याकडे राहायला येणार आहेत...' इथपर्यंत ऐकणाऱ्याने बातमी म्हणून ऐकले. त्याने मनातल्या मनात गाद्या मोजायला घेतल्या. आणि मग शेवटी आपण म्हणतो, '...का?' ऐकणाऱ्याला सगळे वाक्य मागे जाऊन पुन्हा लावावे लागते. मराठीत निदान तो 'का' तरी येतो. स्पॅनिशमध्ये तोही नाही. मोठ्याने वाचणारा माणूस अर्धे वाक्य विधानाच्या सुरात वाचून मोकळा होतो आणि शेवटी चिन्ह बघून ओशाळतो.

स्पेनमध्ये भाषेची राजमान्य अकादमी १७१३ साली स्थापन झाली. तिने शुद्धलेखनाचा ग्रंथ १७४१ साली काढला. १७५४ सालच्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत या अडचणीवर उपाय सांगितला. उपाय मोठा काटकसरीचा होता. नवे चिन्ह बनवायचे नाही. आहे तेच प्रश्नचिन्ह उलटे करायचे, आणि जिथून प्रश्नाचा सूर सुरू होतो त्या शब्दाच्या आधी ठेवायचे. शेवटचे सुलटे चिन्ह आहे तिथेच राहील. अशी ती कंसासारखी जोडी झाली : ¿ आणि ?.

सुरुवातीला ही सूचना लांब प्रश्नांपुरतीच होती. लहान प्रश्नाला शेवटचे चिन्ह पुरेसे मानले होते. पण लांब कुठून म्हणायचे? ही सीमा कोण आखणार? एकोणिसाव्या शतकात हळूहळू नियम सरसकट झाला. आज औपचारिक लेखनात एका शब्दाच्या प्रश्नालाही दोन्ही चिन्हे लागतात. '¿सी?' म्हणजे 'हो का?' इतक्या चिमुकल्या प्रश्नालाही दोन्ही बाजूंनी राखण.

याच काळाच्या जवळपास आपल्याकडे काय होते तेही आठवू. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाला विरामचिन्हे जवळपास माहीतच नव्हती. मराठीत ती रुळली एकोणिसाव्या शतकात, छपाईबरोबर, आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे आपण प्रश्नचिन्ह घेतले ते इंग्रजीच्या वळणाचे, शेवटी बसणारे. आपल्याला ते चालून गेले, कारण आपला 'का'सुद्धा शेवटीच बसतो. दोघे शेजारी झाले.

चिन्ह कुठे बसते

आता थोडे नियम. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी घ्यावी.

पहिली गोष्ट. उलटे चिन्ह वाक्याच्या सुरुवातीला बसते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते *प्रश्नाच्या* सुरुवातीला बसते. या दोन जागा वेगळ्या असू शकतात. 'सि मान्याना य्वेबे, ¿बामोस आल मेरकादो?' म्हणजे 'उद्या पाऊस आला तर, बाजारात जायचं का?' इथे पावसाबद्दल कोणी काही विचारत नाही. ती अट आहे. प्रश्न 'बामोस'पासून सुरू होतो, म्हणून चिन्ह वाक्याच्या मधोमध. आणि प्रश्नाचा पहिला शब्द वाक्याच्या पोटात असल्याने तिथे मोठे रोमन अक्षरही येत नाही. हीच अट शेवटी टाकली तर ती प्रश्नाच्या आत जाते : '¿बामोस आल मेरकादो सि मान्याना य्वेबे?' कारण सूर एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत जातो.

दुसरी गोष्ट, हाक मारण्याची. 'आना, ¿दोंदे एस्ता ला याबे?' म्हणजे 'आना, चावी कुठे आहे?' हाक आधी मारली तर ती चिन्हाच्या बाहेर. नंतर मारली तर आत : '¿दोंदे एस्ता ला याबे, आना?' कारण तेच. (जाता जाता, आपली 'चावी' पोर्तुगीजांकडून आली आणि ती स्पॅनिश 'याबे'ची सख्खी चुलत बहीण आहे, दोघींचे मूळ लॅटिनमध्ये.)

तिसरी गोष्ट, शेपटीचे प्रश्न. 'आसे कालोर, ¿बेरदाद?' म्हणजे 'उकडतंय, नाही का?' इथे 'उकडतंय' हे आम्ही सांगून टाकले. त्याला आम्ही जामीन आहोत. प्रश्न फक्त 'बेरदाद', म्हणजे 'खरं ना?', एवढाच आहे. चिन्ह फक्त त्याच्याभोवती. मराठीत आपण 'उकडतंय, नाही का?' असे लिहितो तेव्हा प्रश्नचिन्ह साऱ्या वाक्याच्या शेवटी पडते आणि विधान कुठे संपले, विचारणे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते. स्पॅनिशमध्ये ती सीमा छापील आहे.

चौथी गोष्ट अगदी हिशेबाची. शेवटच्या प्रश्नचिन्हानंतर पूर्णविराम द्यायचा नाही. पूर्णविरामाचे कामही तेच चिन्ह करते. स्वल्पविराम मात्र लागला तर देता येतो.

बघा, चारही नियम एकाच प्रश्नातून निघाले : या वाक्यातला नेमका कोणता भाग मी सांगतो आहे आणि कोणता विचारतो आहे? हे ज्याला ठरवता आले त्याला चिन्ह कुठे ठेवायचे ते पाठ करावे लागत नाही. आणि ज्याला ठरवता येत नाही, त्याची अडचण स्पॅनिशची नाही.

प्रश्नाचा शब्द आणि त्याच्या डोक्यावरची रेघ

आतापर्यंत हो-नाहीचे प्रश्न झाले. दुसरी जात आहे ती प्रश्नशब्दांची : के म्हणजे काय, क्येन म्हणजे कोण, क्वाल म्हणजे कोणता, क्वांदो म्हणजे केव्हा, दोंदे म्हणजे कुठे, कोमो म्हणजे कसे, क्वांतो म्हणजे किती. फ्रेगेने ही जात वेगळी काढली होती. यात विचार पुरा नसतो. त्यात एक रिकामी जागा असते आणि ऐकणाऱ्याने ती भरायची असते.

हे शब्द प्रश्नात बहुधा सर्वांत पुढे येतात आणि क्रियापद त्यांच्या मागोमाग येते. 'तुला काय हवं?' हे '¿के क्येरेस?' कर्ता बोलून दाखवायचाच असला तर तो मागे : '¿के क्येरेस तू?' क्यूबा, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन भागात मात्र '¿के तू क्येरेस?' असे सर्रास ऐकू येते. माद्रिदच्या माणसाला ते खटकेल, पण त्या बेटांवर तीच घरची भाषा आहे. आणखी एक गंमत अशी, की प्रश्नशब्द असला म्हणजे शेवटी आवाज चढवायची गरज पडत नाही. तो पुष्कळदा खालीच येतो. शब्दानेच काम केलेले असते.

लिहिताना या शब्दांतल्या एका स्वराच्या डोक्यावर छोटी तिरपी रेघ येते. ही रेघ महत्त्वाची आहे, कारण हेच शब्द रेघ काढली की प्रश्नाचे राहत नाहीत, जोडशब्द होतात. 'ला कासा दोंदे बिबो' म्हणजे 'मी राहतो ते घर'. इथे 'दोंदे' कोणाला काही विचारत नाही; रेघ नाही. पण 'नो से दोंदे एस्ता ला याबे', म्हणजे 'चावी कुठे आहे ते मला माहीत नाही', इथे प्रश्नचिन्ह एकही नाही, आणि तरी 'दोंदे'वर रेघ आहे. का? कारण वाक्य विधान असले तरी त्याच्या पोटात प्रश्न जिवंत आहे. माहीत नाही, ती जागा रिकामीच आहे.

म्हणजे दोन खुणा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. प्रश्नचिन्हांची जोडी सांगते : मी आत्ता तुला विचारतो आहे. रेघ सांगते : इथे न भरलेली जागा आहे. शंका असणे वेगळे आणि ती कुणाला विचारणे वेगळे. न्यायदर्शनात संशय हा सोळा पदार्थांपैकी एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे, तो उगीच नव्हे. स्पॅनिश लिपीने हा फरक रोजच्या चिठ्ठीचपाटीत आणून ठेवला.

आपल्याकडे हे काम जागा करते. 'तू का येतोस?' आणि 'तू येतोस का?' यातला 'का' सारखाच दिसतो, पण पहिल्यात कारण विचारले आणि दुसऱ्यात होकार. तसेच 'काय पाऊस!' म्हणताना 'काय' प्रश्न विचारत नाही, उद्गार काढतो. स्पॅनिशमध्येही 'के' दोन्हीकडे राबतो, आणि उद्गारवाचक वाक्यालाही आधी उलटे आणि शेवटी सुलटे अशी चिन्हांची जोडी लागते : ¡ आणि !.

काय आणि कोणता

मराठी माणूस स्पॅनिश शिकताना हमखास अडखळतो ती एक जागा दाखवतो. आपण विचारतो, 'तुझं नाव काय?' शब्दाला शब्द लावला की होते, '¿के एस तु नोम्ब्रे?' स्पॅनिश माणूस समजून घेईल, पण प्रश्न चुकला. म्हणायचे ते '¿क्वाल एस तु नोम्ब्रे?' किंवा, त्याहून रोजचे, '¿कोमो ते यामास?' म्हणजे 'तू स्वतःला काय म्हणवतोस?'

'के एस' ने व्याख्या विचारली जाते. '¿के एस ला खुस्तिस्या?' म्हणजे 'न्याय म्हणजे काय?' हा सॉक्रेटिसचा प्रश्न. 'क्वाल एस' ने निवड विचारली जाते : असू शकणाऱ्या अनेकांपैकी हे कोणते? पत्ता, फोन नंबर, देशाची राजधानी, सगळ्यांना 'क्वाल'. मराठीतला 'काय' हे दोन्ही प्रश्न एका खांद्यावर वाहतो. 'तुझा धर्म काय?' आणि 'धर्म म्हणजे काय?' या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे! पहिल्याचे उत्तर एका शब्दात येते, दुसऱ्याला आयुष्य पुरत नाही. आपल्याला 'म्हणजे' घालून ते अंतर दाखवावे लागते. स्पॅनिशमध्ये प्रश्नशब्दच वेगळा होतो.

तीच गोष्ट 'पोर के' आणि 'पारा के' यांची. '¿पोर के योरास?' म्हणजे 'कशामुळे रडतेस?' '¿पारा के योरास?' म्हणजे 'कशासाठी रडतेस?' पहिल्याने मागे बघायचे, कारणाकडे. दुसऱ्याने पुढे बघायचे, हेतूकडे. आणि रडणाऱ्याला हेतू विचारला की त्यातून आपल्या 'कशाला रडतेस?' सारखा सूर निघतो, म्हणजे काही उपयोग नाही असा. एका लहान शब्दाने चौकशीची दटावणी होते. लिहितानाही जपायचे : प्रश्नातला 'पोर के' दोन शब्दांत आणि रेघेसह, उत्तरातला 'पोर्के', म्हणजे 'कारण की', एका शब्दात आणि रेघेशिवाय.

हो म्हणजे कशाला हो?

शेवटी एक गोष्ट अशी सांगतो की जिथे चुकीची किंमत मोठी आहे. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले ऐकत असतील तर त्यांनी नीट ऐकावे.

नकारार्थी प्रश्न घ्या. मराठीत डॉक्टर विचारतात, 'पेनिसिलीनची ॲलर्जी नाही ना?' आपल्यापैकी कितीतरी जण उत्तर देतात, 'हो.' म्हणजे 'हो, तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही.' आपला होकार विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. तोच प्रश्न स्पॅनिशमध्ये : '¿नो एस उस्तेद अलेर्खिको आ ला पेनिसिलिना?' इथे 'सी' म्हटले तर त्याचा अर्थ लागतो, 'आहे, मला ॲलर्जी आहे.' आणि 'नो' म्हणजे 'नाही'. तिथला होकार विचारणाऱ्याला नसतो, वस्तुस्थितीला असतो.

इथे मोडले तर काय होईल? कोणाला ॲलर्जी नसताना चांगले औषध नाकारले जाईल. आणि उलट बाजूने, ज्याला ॲलर्जी आहे तो 'नाही हो, तसं नाही' या अर्थाने नुसते 'नो' म्हणाला तर जिवावर बेतेल. म्हणून एकच सल्ला : परक्या भाषेत नकारार्थी प्रश्न आला की नुसते हो-नाही करू नका. पुरे वाक्य बोला. 'नो, नो सोय अलेर्खिको' — 'नाही, मला ॲलर्जी नाही'. स्त्री बोलत असेल तर 'अलेर्खिका'. फ्रेगेच्या भाषेत सांगायचे तर, टेबलावर ठेवलेला विचार उचला आणि निकाल स्वतःच्या तोंडाने संपूर्ण द्या.

चिन्ह गळते तेव्हा

आता कोणी विचारेल, आजकाल हे उलटे चिन्ह कोण लिहितो? खरे आहे. फोनवरच्या निरोपांत स्पॅनिश बोलणारी मंडळीच ते गाळतात. घाईत शेवटचे एक पुरते. चिलीचे कवी पाब्लो नेरुदा तर शेवटचेच चिन्ह वापरत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७४ साली, त्यांचे 'प्रश्नांचे पुस्तक' निघाले. त्यात कवितांमध्ये प्रश्नांशिवाय दुसरे काही नाही, आणि उलटे चिन्हही नाही. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. सगळे पुस्तकच प्रश्न आहे हे शीर्षकाने आधीच सांगितले. प्रत्येक ओळीने पुन्हा काय सांगायचे?

पण बाकीच्या लेखनात, जिथे सांगणे आणि विचारणे एकमेकांत मिसळलेले असते, तिथे ते चिन्ह मोठे सभ्यपणाचे काम करते. ते वाचणाऱ्याला आधीच सांगते : पुढे येते आहे त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवलेला नाही, मला तुझे उत्तर हवे आहे. ज्या काळात अर्धे वाक्य वाचून बातमी पुढे पाठवली जाते, त्या काळात ही सूचना शेवटी मिळून उपयोग नसतो.

मराठीत उलटे चिन्ह आणा, असे आम्ही म्हणत नाही. आपला 'का' आहे तिथे बरा आहे. पण लिहिताना एक सवय लावून घेता येईल. लांबलचक वाक्य लिहून शेवटी 'का?' चिकटवण्याआधी जरा थांबावे, आणि यातले काय मी सांगतो आहे, काय विचारतो आहे, ते वेगळे करून दोन वाक्ये लिहावीत. स्पॅनिश मुलांना हे शाळेत एका उलट्या चिन्हाने शिकवले जाते. आपण ते विचार करून शिकू.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.